संकेतस्थळाचा वेग : मोजावा कोठे, वाढवावा कसा?



संकेतस्थळाचा वेग हा विषय वरकरणी केवळ तंत्रज्ञांच्या कक्षेतला वाटतो. पान दोन सेकंदांत उघडले काय किंवा वीस सेकंदांत उघडले काय, त्यावरचा मजकूर तोच असतो. मग एवढ्या चर्चेचे प्रयोजन काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपण्यास अर्धा तास उरलेला असताना ज्या विद्यार्थिनीच्या मोबाइलवर कोरा पांढरा पडदा दिसत राहतो, किंवा सातबाराचा उतारा काढण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी आलेल्या ज्या शेतकऱ्याला ‘साइट चालू नाही, उद्या या’ असे ऐकावे लागते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न तंत्राचा राहत नाही. तो सेवा मिळाली की नाही याचा प्रश्न होतो.

कचेरीच्या खिडकीसमोर लागणारी रांग निदान दिसत असे. येता-जाता अधिकाऱ्याची नजर तिच्यावर पडे, वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र येई, आणि मग दुसरी खिडकी उघडली जाई. संकेतस्थळासमोरची रांग मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात, शेताच्या बांधावर किंवा सेवा केंद्राच्या पायरीवर एकेकटा वाट पाहत असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अनेक सेवांना कालमर्यादा घालून दिली. परंतु त्या मर्यादेचे दिवस रीतसर अर्ज दाखल झाल्यापासून मोजले जातात. अर्जाचे पानच उघडले नाही, तर तो काळ कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. म्हणून वेग वाढविण्याच्या उपायांपूर्वी तो मोजावा कसा, आणि विशेषतः मोजावा कोठे, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

माणूस किती वेळ थांबतो?

संगणकासमोर बसलेल्या माणसाला किती विलंब खपतो, याचा अभ्यास संकेतस्थळे जन्माला येण्याच्या फार आधीपासून चालू आहे. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली या विषयावर निबंध लिहिला. पुढे याकोब नील्सन यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात तीन सीमा सांगितल्या, त्या आजही प्रमाण मानल्या जातात. एक दशांश सेकंदात उत्तर मिळाले, तर कृती आपल्याच हातून तत्क्षणी घडली असे वाटते. एका सेकंदापर्यंत विलंब जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते आणि माणूस दुसऱ्या कामाकडे वळतो. यंत्रे बदलली, पिढ्या बदलल्या. मनुष्याच्या मनाची ठेवण काही बदललेली नाही, म्हणून हे आकडेही बदललेले नाहीत.

प्रवास कसा घडतो?

पान मंद का उघडते हे समजण्यासाठी ते मागविल्यावर काय घडते, याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. वाचकाने पत्ता टाइप केला किंवा दुव्यावर बोट ठेवले, की ब्राउझर प्रथम त्या नावाचा अंकरूप पत्ता शोधतो. ही एक फेरी. मग त्या पत्त्यावरील सर्व्हरशी जोडणी प्रस्थापित होते. ही दुसरी. संदेश वाटेत कोणी वाचू नये म्हणून कुलूपकिल्लीची बोलणी होतात. २०१८ साली आलेल्या सुधारित पद्धतीत यासाठी एक फेरी पुरते, जुन्या पद्धतीत दोन लागत. त्यानंतर कोठे प्रत्यक्ष पानाची मागणी जाते आणि उत्तराचा पहिला अंश परत येतो. म्हणजे किमान चार वेळा जाणे-येणे झाल्याविना अक्षरही हाती पडत नाही. गावाबाहेरच्या दुर्बळ सिग्नलवर एका फेरीला तीनशे मिलिसेकंद लागत असतील, तर सव्वा सेकंद नुसत्या बोलाचालीतच संपतो.

या फेऱ्यांना निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटर भरते. तेव्हा एका फेरीला एक अष्टमांश सेकंद लागणारच, आणि केबल्स सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतो. १८७० साली सुएझ व एडनमार्गे समुद्रतळातून आलेली तार मुंबईला लागली, तेव्हापासून हे शहर दूरसंदेशांचे बंदर झाले आहे. आजही वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अनेक देशांना जोडणाऱ्या केबल्स पाण्याबाहेर येतात. परंतु केबल कितीही नवी असो, अंतर तेवढेच राहते. म्हणून मजकूर वाचकाच्या जवळ आणून ठेवणे हा एक उपाय होतो. त्याचा विचार पुढे येईल.

दुसरी मर्यादा माणसाने विचारपूर्वक घातलेली आहे आणि तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या चारशे यार्डांवरील विद्यापीठ यांना जोडणारी वाट एकाएकी तुंबली. सेकंदाला ३२,००० बिट वाहून नेणाऱ्या त्या वाटेवरून ४० बिट जाईनात. प्रत्येक संगणक आपले गाठोडे पोचले नाही म्हणून ते पुनःपुन्हा पाठवीत होता आणि त्यामुळे कोंडी वाढतच होती. अरुंद पुलावर दोन्ही बाजूंनी बैलगाड्या घुसाव्यात, तसा हा प्रकार. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ साली त्यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो आजही जगभर पाळला जातो. नव्या जोडणीवर प्रारंभी थोडाच माल सोडायचा. तो सुखरूप पोचल्याची पावती आली की दुप्पट सोडायचा, मग चौपट. २०१३ साली या पहिल्या हप्त्याचे प्रमाण वाढवून दहा पुडकी, म्हणजे सुमारे चौदा किलोबाइट, इतके सुचविण्यात आले.

आता हिशेब करून पाहावा. चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न असे दुपटीने जाता तीन फेऱ्यांत अठ्ठ्याण्णव किलोबाइट पोचतात. पान सतराशे किलोबाइटचे असेल, तर वाट कितीही रुंद असली तरी एका जोडणीवरून सात फेऱ्या लागतात. वाट अरुंद असेल तर विचारावयासच नको. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ‘इंटरनेटचा वेग वाढला की संकेतस्थळे आपोआप वेगवान होतील,’ ही समजूत अर्धसत्य आहे. गूगलमधील अभियंते माइक बेल्शी यांनी २०१० साली केलेल्या चाचणीत जोडणीची क्षमता सेकंदाला ५ मेगाबिटवरून १० मेगाबिट केली, तेव्हा पान उघडण्याच्या वेळेत सुधारणा झाली ती केवळ पाच टक्के. फेऱ्यांचा वेळ कमी केला, तेव्हा मात्र लाभ सातत्याने होत राहिला.

याच्याच जोडीला स्टीव्ह साउडर्स यांचे निरीक्षण ठेवले पाहिजे. याहू कंपनीत काम करीत असताना त्यांनी २००७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचकाला जो एकूण वेळ थांबावे लागते त्यातील ऐंशी ते नव्वद टक्के वेळ सर्व्हरने पान तयार करण्यात जात नाही, तर ते पान हाती आल्यानंतर त्याला जोडलेली चित्रे, सजावटीच्या फायली आणि आज्ञावली आणण्यात व मांडण्यात जातो, असे त्यांनी दाखवून दिले. संकेतस्थळ मंद झाले की नवा, मोठा सर्व्हर खरेदी करण्याचा प्रस्ताव पुढे येतो. तो मंजूरही होतो. आणि पान होते तितक्याच वेळात उघडत राहते!

सरासरीने केलेली फसवणूक

मापनाच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद घटना यूट्यूबच्या इतिहासात घडली. त्या कंपनीतील अभियंते ख्रिस झकरायस यांनी २००९ च्या सुमारास व्हिडिओ दाखविणारे पान हलके करण्याचे काम हाती घेतले. मूळ पानाचे वजन तब्बल १.२ मेगाबाइट होते. ते शंभर किलोबाइटच्या आत आणायचे, असा संकल्प करून त्यांनी या कामाला ‘फेदर’, म्हणजे पीस, असे नाव दिले. अनावश्यक ते सारे काढून टाकल्यावर पान अठ्ठ्याण्णव किलोबाइटवर आले आणि ते उघडण्यासाठी कराव्या लागणाऱ्या मागण्या चौदावर आल्या. काही प्रेक्षकांना हे नवे पान देऊन आठवडाभराने आकडे पाहिले, तेव्हा सर्वांना धक्का बसला. सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढली होती.

पान बाराव्या हिश्शावर आणले आणि वेळ मात्र वाढला, हे कोडे सुटेना. शेवटी कोणत्या प्रदेशातून किती प्रेक्षक आले, याची फोड करून पाहण्यात आली आणि उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि सायबेरियाचे दुर्गम भाग येथील प्रेक्षकांची संख्या एकदम वाढली होती. त्यांच्याकडे हलके पान उघडण्यासही दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता; म्हणजे जुने जड पान उघडण्यास वीस मिनिटांहून अधिक लागत असे. इतका वेळ कोण थांबणार? हे लोक पूर्वी आकडेवारीत नव्हतेच, कारण त्यांचे पान कधी पुरे उघडतच नव्हते. पान हलके झाल्यावर ते प्रथमच मोजमापात आले आणि त्यांच्या येण्याने सरासरी बिघडली. झकरायस यांनी २०१२ साली ही हकीकत लिहून प्रसिद्ध केली.

या हकीकतीतील मर्म शासकीय संकेतस्थळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावे असे आहे. जे आत येऊ शकले त्यांचीच नोंद होते. दाराशी पोचूही न शकलेल्या माणसाची तक्रारही येत नाही, कारण तक्रारीचे पान त्याच दाराच्या आत असते.

सरासरी हे माप एरवीही भोळे आहे. दहा नागरिकांपैकी नऊ जणांचे पान एका सेकंदात उघडले आणि दहाव्याचे एकवीस सेकंदांत, तर सरासरी तीन सेकंद भरते. हा तीन सेकंदांचा अनुभव त्या दहांपैकी एकालाही आलेला नसतो. म्हणून जाणकार लोक शतमक हे संख्याशास्त्रातील माप वापरतात. सर्व नोंदी चढत्या क्रमाने लावल्या, की शंभरातील पंचाहत्तर नोंदी ज्या आकड्याच्या आत येतात तो पंचाहत्तरावा शतमक होय. गूगलने मे २०२० मध्ये संकेतस्थळांसाठी जी तीन प्रमुख मापे ठरविली, ती याच शतमकावर तपासली जातात.

पहिले माप असे की, पानावरील सर्वांत मोठा दर्शनी भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. दुसरे प्रतिसादाचे आहे : वाचकाने बटण दाबल्यापासून पडद्यावर काही बदल दिसेपर्यंत दोनशे मिलिसेकंदांहून अधिक काळ जाऊ नये. पूर्वी केवळ पहिल्या स्पर्शाच्या विलंबाकडे पाहिले जाई. मार्च २०२४ पासून पानावरील सर्व स्पर्शांचा विचार होऊ लागला. तिसरे माप मांडणीच्या स्थैर्याचे आहे. वरचे चित्र उशिरा येते आणि खालचा मजकूर एकदम सरकतो. ‘जतन करा’ या बटणाकडे निघालेले बोट ‘रद्द करा’ यावर पडते, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा असेल. या सरकण्याचा निर्देशांक एक दशांशाच्या आत असावा, अशी अपेक्षा आहे.

ही मापे उपयुक्त आहेत यात संशय नाही. मात्र पंचाहत्तराव्या शतमकावर समाधान मानणे व्यापाऱ्याला परवडेल. शासनाला परवडणार नाही. व्यापाऱ्याचे उरलेले पंचवीस ग्राहक दुसऱ्या दुकानात जातील. सातबारा, जातीचा दाखला, परीक्षेचा निकाल यांना दुसरे दुकान नाही. वर दिलेल्या दहा नागरिकांच्या उदाहरणात पंचाहत्तरावा शतमक एक सेकंदच येतो आणि एकवीस सेकंद थांबलेला दहावा माणूस त्यात दिसत नाही! म्हणून सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळाने पंच्याण्णवावा शतमकही पाहावा, आणि तो जिल्हावार व उपकरणवार पाहावा.

प्रयोगशाळा आणि क्षेत्र

मोजणीचे दोन प्रकार आहेत. एक प्रयोगशाळेतील आणि दुसरा क्षेत्रातील. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर आलेले पीक आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानातले पीक यांत जो फरक असतो, तोच येथेही असतो. ‘लाइटहाउस’सारखे साधन ठरावीक परिस्थिती कल्पून पान उघडते आणि शंभरापैकी गुण देते. मोबाइलच्या चाचणीत ते फेरीला दीडशे मिलिसेकंद, सेकंदाला १.६ मेगाबिट आणि चौपट मंद केलेला संगणक, अशी परिस्थिती धरते. आज केलेल्या दुरुस्तीचा परिणाम आजच पाहावयाचा असेल, तर या साधनासारखे दुसरे नाही. परंतु गुण हे साध्य मानले, की परीक्षेपुरता अभ्यास सुरू होतो. शंभर गुण मिळालेले पान नागरिकाच्या हातातील चार वर्षे जुन्या मोबाइलवर अडखळू शकते.

क्षेत्रातील मोजणी म्हणजे खऱ्या नागरिकांच्या ब्राउझरने नोंदविलेला वेळ. गूगल २०१७ पासून क्रोम ब्राउझरच्या संमती दिलेल्या वापरकर्त्यांची अशी एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध करते. मात्र कमी भेटी असलेली संकेतस्थळे तीत येत नाहीत. त्यांनी आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे. ही नोंद ठेवताना वेळेबरोबरच आणखी एक आकडा ठेवावा. किती जणांनी पान उघडण्यास प्रारंभ केला आणि त्यांपैकी किती जणांचे ते पुरे उघडले? प्रारंभाची खूण सर्व्हरच्या दप्तरात असते, पूर्णतेची ब्राउझर कळवितो. या दोहोंतील अंतर म्हणजेच न दिसणारी रांग.

याखेरीज एक अगदी साधी चाचणी आहे व तिला खर्च नाही. संकेतस्थळ तयार करणाऱ्यांनी कार्यालयातील वेगवान जोडणी बाजूला ठेवून, स्वस्तातला मोबाइल घेऊन, एखाद्या आडगावच्या एस.टी. स्थानकावर आपला अर्ज स्वतः भरून पाहावा.

वजन उतरविणे

उपायांकडे वळताना प्रथम हात घालावा लागतो तो चित्रांना. समारंभाचे छायाचित्र कॅमेऱ्यातून निघाले तसे संकेतस्थळावर चढविण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र चार हजार बिंदू रुंद आणि तीन हजार बिंदू उंच असते आणि त्याचे वजन कित्येक मेगाबाइट भरते. मोबाइलचा पडदा साधारणतः १०८० बिंदू रुंद. म्हणजे दाखविता येतात त्याच्या जवळजवळ चौदापट बिंदू नागरिकाच्या खर्चाने त्याच्याकडे पाठविले जातात आणि तेथे ते टाकून दिले जातात. चित्र पडद्याच्या मापाचे करावे. जेपेग ही १९९२ सालची पद्धत अजूनही चांगली आहे, पण २०१० मध्ये आलेली वेबपी आणि त्यानंतरची एव्हिफ या पद्धतींत तेच चित्र बहुधा कमी वजनात बसते. चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवावी, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि मजकूर सरकत नाही. पडद्याच्या खाली असलेली चित्रे वाचक तेथवर पोचल्यावर मागवावीत. माथ्यावरच्या मुख्य चित्राला मात्र हा नियम लावू नये, अन्यथा तेच उशिरा येते.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत अक्षरांचा प्रश्न वेगळा उभा राहतो. देवनागरीला १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले. प्रचलित संकेतनात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार ही सारी वेगळी चिन्हे धरली जातात. हे ऐकून मराठी मजकूर जड असतो, असा ग्रह होण्याचा संभव आहे. पण तो निराधार आहे. तीनशे शब्दांच्या परिपत्रकात सुमारे दोन हजार चिन्हे असतील, तर त्याचे वजन सहा किलोबाइट होते. सर्व्हरवर संक्षेपणाची सोय चालू ठेवली तर आणखी घटते. तेच परिपत्रक सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून चढविले, की त्याचे वजन शेकडो किलोबाइट होते. शिवाय त्यातला शब्द शोधता येत नाही, आणि अंध नागरिकाच्या संगणकाला ते वाचून दाखविता येत नाही. सहीचा कागद जपून ठेवणे आवश्यक असेल तर तो खुशाल जोडावा. पण मूळ मजकूर अक्षररूपाने पानावर असावा.

अक्षरवळणाच्या, म्हणजे फाँटच्या, फायलींचेही तसेच आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये आकृत्या पुष्कळ असतात. ठळक, मध्यम, बारीक अशी चार-पाच वळणे मागविली की तेवढ्यानेच पान जड होते. एक किंवा दोन वळणांवर भागवावे, न लागणाऱ्या लिप्यांची अक्षरे फायलीतून वगळावीत, आणि नवा फाँट येईतो मोबाइलमधील मूळच्या देवनागरी फाँटमध्ये मजकूर दाखवावा, अशी सूचना ब्राउझरला द्यावी. सुबक अक्षरे थोडी उशिरा आली तरी चालतील. कोरा पडदा चालणार नाही.

चित्रांहूनही महाग पडतात त्या आज्ञावली. शंभर किलोबाइटचे चित्र एकदा उतरले की काम झाले. तेवढीच आज्ञावली उतरल्यावर मोबाइलला ती वाचावी, समजून घ्यावी आणि चालवावी लागते, आणि तो त्यात गुंतलेला असताना बोटाच्या स्पर्शाकडे त्याचे लक्ष जात नाही. ब्रिटिश शासनाच्या मध्यवर्ती संकेतस्थळाने २०२२ साली जेक्वेरी ही फार वापरात असलेली तयार आज्ञावली काढून टाकली. तिचे वजन तीस-पस्तीस किलोबाइटच होते. ‘एवढ्याशाने काय होणार’ असे म्हणणारे होतेच. पण मोजणीत असे दिसले की मंद जोडणीवरील नागरिकांना तिचा लाभ स्पष्टपणे झाला. आपल्याकडील पानांवर सरकत्या बातम्यांची पट्टी, भेटी मोजणारा आकडा, समाजमाध्यमांची खिडकी, फिरती छायाचित्रे यांची गर्दी असते. यांतील प्रत्येकाची आज्ञावली निराळी आणि बहुधा परक्या सर्व्हरवरून येणारी. सरकती पट्टी थांबवून वाचणारा नागरिक अद्याप कोणी पाहिला असेल तर त्याचा सत्कारच करावयास हवा.

साधेपणाचे महत्त्व सांगणारी एक हकीकत टेरेन्स ईडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये लिहिली आहे. ते ब्रिटिश शासनाच्या सेवेत होते. लंडनमधील एका गृहनिर्माण साहाय्य कार्यालयात त्यांना एक तरुणी दिसली. तिच्या हातात होते प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे मुलांचे खेळण्याचे यंत्र. त्या यंत्रातील जुनाट ब्राउझरवर ती घरभाड्याच्या साहाय्याची शासकीय पाने वाचीत होती.  पाने साधी आणि हलकी होती, म्हणून त्या यंत्रावरही उघडली.

साठवण आणि गर्दी

मजकूर वाचकाच्या जवळ ठेवण्याची गोष्ट वर आली. बोधचिन्ह, फाँट, सजावटीची फाइल या वस्तू वर्षानुवर्षे बदलत नाहीत. त्या किती दिवस जपून ठेवाव्यात हे सर्व्हरने ब्राउझरला सांगितले, की दुसऱ्या भेटीत त्या मागवाव्या लागत नाहीत. हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविली म्हणजे वितरण जाळे तयार होते. मुख्य गोदामातील धान्य तालुक्याच्या गोदामात आधीच पोचवून ठेवावे, तसा मजकूर शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवला जातो आणि नागरिकाला जवळचा सर्व्हर उत्तर देतो. २०१५ मध्ये आलेली एचटीटीपीची दुसरी आवृत्ती आणि २०२२ मधील तिसरी यांनीही फेऱ्या वाचविल्या आहेत. सर्व्हरच्या व्यवस्थेत थोडा बदल करून हा लाभ मिळतो.

गर्दीचा प्रश्न मात्र वजनाच्या प्रश्नाहून निराळा आहे. त्या दोहोंची गल्लत होऊ नये. अमेरिकेच्या संघशासनाने आरोग्यविम्यासाठी १ ऑक्टोबर २०१३ रोजी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा लक्षावधी लोक एकदम लोटले आणि पहिल्या दिवशी नावनोंदणी पुरी झाली ती अवघ्या सहा जणांची. पुढील दोन महिन्यांत दुरुस्त्या होऊन प्रतिसादाचा वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला. तेथेही दोष केवळ यंत्रसामग्रीचा नव्हता. अनेक कंत्राटदारांनी तयार केलेले भाग एकत्र जोडून पुरेशी चाचणी झालेली नव्हती, आणि चालू संकेतस्थळावर नजर ठेवणारी मापकेच नीट बसविलेली नव्हती. आपल्याकडे परीक्षेच्या निकालाच्या दिवशी अशीच झुंबड उडते. निकाल जाहीर झाला की बदलत नाही. तेव्हा प्रत्येक विचारणेला पान नव्याने घडविण्याऐवजी ती आधी घडवून ठेवून केवळ वाटणे, हा मार्ग कितीतरी सोपा.

हे सारे करूनही पान पुन्हा जड होतच असते. जगभरातील संकेतस्थळांच्या नियमित पाहणीत २०१० च्या अखेरीस संगणकावर उघडणाऱ्या पानाचे मध्यक वजन पाचशे किलोबाइटच्या आत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते २,६५० किलोबाइटवर गेले. हे वजन कोणी एका दिवसात चढविले नाही. आज एक पट्टी, उद्या एक खिडकी, असे ते साचत गेले. यास्तव मर्यादा ठरवावयाची ती निविदेतच. पहिल्या भेटीत पानाचे एकूण वजन अमुक किलोबाइटच्या आत, आज्ञावलीचे वजन अमुकच्या आत, आणि अमुक जिल्ह्यांत, अमुक किमतीच्या मोबाइलवर, पंच्याण्णवाव्या शतमकाला अर्जाचे पान अमुक सेकंदांत, असे आकडे करारनाम्यात लिहावेत. देयक चुकते करण्यापूर्वी ते आकडे मोजावेत. आणि पुढे नवी खिडकी बसविण्याची मागणी कोणत्याही शाखेकडून आली, तर तेवढ्या वजनाची कोणती जुनी खिडकी काढावयाची, हे त्याच टिपणीत नमूद करावयास सांगावे.